रॅकूनचं मानधन

सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला बादली घेऊन दाराशी येऊन उभा राहिला, तरी माझी भाची मला उठू देईना. "मामा, थांब. अजून एक असतं." २०१४ चा ऑगस्ट होता, 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' नुकताच लागला होता आणि ती बारा वर्षांची होती. नावं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असं वर्गातल्या कुणीतरी तिला बजावून ठेवलं होतं. म्हणून आम्ही दोघं मुंगीएवढ्या अक्षरांतली शेकडो नावं बघत बसलो. सगळ्यात शेवटी ते 'अजून एक' आलं. मोडक्यातोडक्या संग्रहालयात हातात पेला घेऊन बसलेलं, अंगात कोट घातलेलं बदक. टोमणा मारला आणि गेलं.

पोरं खिदळली. मला मात्र हसू आलं नाही. हे बदक ज्याला सुचलं, त्या स्टीव्ह गर्बरने त्याच्या मालकीसाठी १९८० साली हा सिनेमा काढणाऱ्या मार्व्हल या कॉमिक्स कंपनीवर दावा लावला होता. आणि सिनेमाच्या शेवटी प्रेक्षकांना खाऊ म्हणून द्यायला कंपनीला नेमकं तेच बदक आठवलं होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नसेलही. पण मला तेव्हापासून वाटतं, की या सिनेमात खरी गोष्ट पडद्यावर जितकी आहे, तितकीच त्या सरकणाऱ्या नावांत आहे.

सिनेमाबद्दल माझी तक्रार नाही. उलट इतका मोकळाढाकळा अंतराळपट मी त्याआधी फारसा पाहिला नव्हता. मिझुरीतून १९८८ साली उचलून नेलेला पोरगा मोठेपणी अंतराळात भुरटा चोर होतो. त्याला भेटतात हिरव्या कातडीची मारेकरीण, उपमा-अलंकार अजिबात न कळणारा पहिलवान, तोंडाळ आणि बंदूकबाज रॅकून, आणि तीन शब्दांपलीकडे न बोलणारं झाड. मार्व्हलची बडी मंडळी, म्हणजे स्पायडरमॅन आणि एक्स-मेन, यांचे सिनेमाचे हक्क पूर्वीच दुसऱ्या स्टुडिओंकडे गेलेले. तेव्हा उरलंसुरलं काय आहे म्हणून गोदामाच्या तळाशी हात घातला आणि ही टोळी वर आली. कंपनीने २००९ मध्ये लेखकांसाठी चालवलेल्या उपक्रमात निकोल पर्लमन यांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या पात्रांच्या यादीतून ही निवडली. पुढे जेम्स गन आले, त्यांनी पटकथा आपल्या वळणावर नेली आणि दिग्दर्शन केलं. जगभरात सिनेमाने सुमारे ७७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

आता ही पात्रं आली कुठून ते बघा. झाड १९६० चं. तेव्हा ते अस्खलित बोलायचं, पृथ्वीवरचं अख्खं गाव उचलून न्यायला आलं होतं आणि शेवटी वाळवीने त्याला हरवलं. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांचं ते काम. पहिलवान १९७३ चा आणि मारेकरीण १९७५ ची, दोघं जिम स्टार्लिनच्या डोक्यातून निघालेली. भुरटा चोर १९७६ चा, लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रकार स्टीव्ह गॅन. रॅकूनही १९७६ चा, लेखक बिल मँटलो, चित्रकार कीथ गिफन. 'गार्डियन्स' हे नाव त्याहून जुनं, १९६९ चं, पण ती टोळी वेगळी. आज आपण ओळखतो ती टोळी २००८ मध्ये डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी जमवली.

म्हणजे सत्तरच्या दशकातलं बरंचसं सामान एकविसाव्या शतकात झाडून-पुसून विकायला काढलं. हेच या सिनेमातल्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दलही खरं आहे, आणि माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

ती गोष्ट म्हणजे कॅसेट. नायकाच्या आईने त्याच्यासाठी भरून दिलेली, वॉकमनमध्ये घालून तो जिवापाड जपतो ती. सिनेमाचा जीव खरं तर तिच्यात आहे. साठ-सत्तरच्या दशकांतली गाणी, एकही नवं नाही. या गाण्यांचा संग्रह ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. फक्त जुन्या गाण्यांचा साउंडट्रॅक तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ.

त्यातलं 'हुक्ड ऑन अ फीलिंग' घ्या. मार्क जेम्स यांनी लिहिलेलं हे गाणं १९६८ मध्ये एका गायकाने गायलं. सिनेमात वाजतं ते ब्लू स्वीड या स्वीडिश बँडचं, १९७४ मधलं. त्याची सुरुवात ज्या 'उगा-चका, उगा-चका'ने होते, ते मूळ गाण्यात नव्हतंच, मागाहून कुणीतरी घातलं. चाल तीच, शब्द जवळजवळ तेच, बाकी कपडे बदललेले. तरीही गाणं मार्क जेम्सचंच राहिलं. सिनेमात वापरायचं तर गाण्याचे हक्क ज्याच्याकडे त्याला विचारावं लागतं, ध्वनिमुद्रण ज्याच्या मालकीचं त्याला वेगळं विचारावं लागतं, दोघांनाही पैसे मोजावे लागतात. पुढे ते रेडिओवर किंवा टीव्हीवर वाजलं की गीतकाराच्या वाट्याचे पैसे त्याच्या संस्थेमार्फत थेट त्याच्याकडे जातात. अमेरिकेत अशी पहिली संस्था १९१४ मध्ये निघाली. संगीताच्या धंद्यात सगळे संत भरलेत असं मुळीच नाही. जुन्या गायक-वादकांना कसं लुबाडलं गेलं याच्या कहाण्या ढिगाने सापडतील. पण गाणं लिहिणाऱ्याचा त्या गाण्यात वाटा असतो, हे तत्त्व तरी वादाचं राहिलेलं नाही.

त्याच पडद्यावर, त्या गाण्यापासून हातभर अंतरावर, रॅकून उभा आहे. गाणं १९६८ चं, रॅकून १९७६ चा. दोन्ही कुणीतरी टेबलाशी बसून, पोटासाठी, मुदत पाळत केलेली कामं. गाणाऱ्या बँडपेक्षा जास्त वेळ रॅकून पडद्यावर आहे, त्याच्या बाहुल्या आणि टी-शर्ट विकले जातात. पण कायद्याने त्याच्या जन्मदात्यांचा त्याच्यावर कवडीचाही हक्क नाही.

कारण कॉमिक्समध्ये कामाचा दर पानाला होता. इतकी पानं, इतके डॉलर, विषय मिटला. चेकच्या मागे मजकूर छापलेला असे: या रकमेच्या बदल्यात सर्व हक्क कंपनीचे. चेक वटवायचा तर त्या मजकुराखाली सही करणं आलं. घरभाड्याची तारीख जवळ आलेला माणूस चेकची मागची बाजू किती बारकाईने वाचणार? अमेरिकी कायद्यात याला 'वर्क फॉर हायर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजंदारी. आणि रोजंदारीवर केलेल्या कामाचा कर्ता कायद्याच्या लेखी कंपनीच असते. नुसती मालक नव्हे, कर्ता. म्हणजे रॅकून मँटलोने कंपनीला विकला असंही कायदा म्हणत नाही. तो म्हणतो, रॅकून पहिल्यापासून कंपनीलाच सुचला.

यातली गंमत बघा. ही मंडळी बहुतेक फ्रीलान्स होती. आजारपणाची रजा मागितली, निवृत्तिवेतन मागितलं, तर उत्तर मिळे, तुम्ही नोकर थोडेच आहात? आणि पात्रावर हक्क सांगितला की उत्तर मिळे, तुम्ही आमच्या सांगण्यावरून आमच्या पैशाने काम केलंत, तेव्हा नोकरासारखेच. दोन्ही डगरींवर हात.

बिल मँटलोचं पुढे काय झालं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या माणसाने कंपनीसाठी शेकड्यांनी अंक लिहिले. वेळेवर काम देणारा म्हणून त्याचा लौकिक होता. दुसऱ्या कुणाचा अंक रखडला की भरायला मँटलो. नंतर तो कायदा शिकला, वकील झाला आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वकील न परवडणाऱ्या आरोपींच्या बाजूने उभा राहू लागला. १९९२ च्या जुलैत चाकांचे बूट घालून रस्त्याने जात असताना गाडीने त्याला उडवलं. चालक पळून गेला. मेंदूला झालेली इजा कधीच भरून आली नाही. विम्याचा हात आखडला तेव्हा कुटुंबाची ओढाताण झाली. वाचकांनी त्याच्यावर पुस्तिका काढून विकली, वर्गण्या गोळा केल्या.

२०१४ मध्ये सिनेमा लागला तेव्हा कंपनीने त्याच्यासाठी तो राहत होता तिथे खास खेळ लावला. मोबदल्याबद्दल कंपनीशी बोलणं झालं होतं आणि त्याच्या भावाने जाहीरपणे समाधान व्यक्त केलं. नावांच्या पट्टीत 'रॉकेट रॅकूनचे जनक' म्हणून मँटलो आणि गिफन यांची नावं आली. हे सगळं चांगलंच झालं. कंपनी इथे राक्षसासारखी वागली असं मी म्हणणार नाही, कारण ती तशी वागली नाही.

पण मराठीत या प्रकाराला आपल्याकडे चपखल शब्द आहे: मानधन. मोठा लबाड शब्द. मान आणि धन दोन्ही देऊ करतो आणि बहुधा दोन्हींत काटकसर करतो. गवंड्याला दिवसाअखेर देतो त्याला आपण मानधन म्हणत नाही, ती मजुरी. मजुरी थकली तर गवंडी दारात उभा राहून ओरडू शकतो. मानधन थकलं तर लेखकाने 'आठवण करून देण्यासाठी' पत्र लिहायचं, तेही शक्यतो दिवाळी अंकाच्या शुभेच्छांसह. मानधन देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. त्याच्या शेजारीच कोशात दुसरा शब्द आहे, स्वामित्वधन. बोलताना तो कुणी वापरत नाही, आपण रॉयल्टी म्हणून मोकळे होतो. पण त्या शब्दात 'स्वामी' आहे. मँटलोला मिळालं ते मानधन. माझं म्हणणं एवढंच, की त्याला स्वामित्वधन मिळायला हवं होतं, अपघात झाला नसता तरी, सिनेमाला लोक गेले म्हणून.

मर्जी कशी चालते, हे स्टार्लिनच्या एका तक्रारीतून फार छान दिसलं. पहिलवान, मारेकरीण आणि पुढे अख्ख्या विश्वाचा निम्मा संहार करणारा तो जांभळा थॅनॉस, तिन्ही स्टार्लिनची निर्मिती. २०१७ च्या सुरुवातीला त्याने जाहीर लिहिलं, की प्रतिस्पर्धी डीसी कंपनीने आपल्याला एका दुय्यम पात्रासाठी नुकताच पाठवलेला चेक, या तिघांसाठी मार्व्हलकडून मिळालेल्या एकूण रकमेपेक्षा मोठा आहे. ते पात्र म्हणजे एका बॅटमॅनपटात येणारा रशियन गुंड. सिनेमातून बाहेर पडल्यावर त्याचं नाव किती जणांना आठवत असेल, देव जाणे. हे छापून आलं, बोभाटा झाला आणि मग मार्व्हलने त्याच्याशी नव्याने बोलणी केली. बोभाटा करण्याइतकं नाव स्टार्लिनकडे होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी काय करायचं?

एड ब्रुबेकरची गोष्ट याहून बोलकी आहे. 'विंटर सोल्जर' हा सुप्रसिद्ध खलनायक त्याने घडवला. त्यावरच्या सिनेमात त्याला क्षणभराची भूमिकाही मिळाली. २०२१ मध्ये त्याने सांगितलं, की ते पात्र घडवल्याबद्दल मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे आपल्याला त्या क्षणभराच्या भूमिकेच्या पुनःप्रक्षेपणातून मिळाले. कारण काय? अमेरिकेत नटांची संघटना आहे, तिचा करार आहे, आणि सिनेमा पुन्हा दाखवला की त्या करारानुसार कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या नटालाही चेक जातो. कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांची अशी संघटना कधी उभीच राहिली नाही. त्याच वर्षी एका ब्रिटिश दैनिकाने लिहिलं, की पात्र सिनेमात ठळकपणे आलं तर पाच हजार डॉलर आणि पहिल्या खेळाचं आमंत्रण, असा मार्व्हलचा रिवाज आहे. आमंत्रण म्हणजे मान, पाच हजार म्हणजे धन. मानधनाची यापेक्षा नेमकी फोड मला तरी करता आली नसती.

आता कर्बी. अमेरिकी कॉमिक्समध्ये कर्बीचं नाव आपल्याकडे कुणी बालगंधर्वांचं घ्यावं तसं घेतात. ऐंशीच्या दशकात कंपनीने चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत द्यायचं ठरवलं, तेव्हा इतरांना एका पानाचा कागद सहीसाठी आला आणि कर्बीला चार पानांचा. अनेक वर्षं झगडून १९८७ मध्ये त्याला त्याच्या हजारो पानांपैकी थोडीच परत मिळाली. १९९४ मध्ये तो गेला. अमेरिकी कायद्यात जुने हक्क ५६ वर्षांनी परत मागण्याची सोय आहे, तिचा आधार घेऊन त्याच्या वारसांनी २००९ मध्ये नोटिसा पाठवल्या. रोजंदारीच्या कामाला मात्र ही सोय लागू नाही, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने कर्बीचं काम रोजंदारीचंच ठरवलं. वारस सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे प्रकरण दाखल करून घ्यायचं की नाही, याचा विचार व्हायला काही दिवस उरले असताना, २०१४ च्या सप्टेंबरअखेरीस, कंपनीने तडजोड केली. अटी गुप्त. तो सप्टेंबर म्हणजे कर्बीने काढलेलं झाड थिएटरांत धो धो गल्ला भरत होतं तेव्हाचा. त्यानंतर २०२१ मध्ये त्याच झाडाचा दुसरा जनक, लॅरी लीबर, वयाच्या नव्वदीला टेकलेला असताना अशाच नोटिशीपायी कोर्टात ओढला गेला. १९६९ ची पहिली टोळी चितारणाऱ्या जीन कोलनचे वारसही त्यात होते. २०२३ मध्ये तीही प्रकरणं मिटली, तशीच गुपचूप.

गुपचूप मिटलेल्या प्रत्येक प्रकरणात एका कुटुंबाचं भलं होतं आणि प्रश्न होता तिथेच राहतो. निकाल लागला असता तर बाकीच्यांना तो दाखवता आला असता. तडजोड कुणाला दाखवणार?

कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते उडवून लावण्याजोगं नाही. हजारो पात्रं निघतात, चालतात किती? रॉकेट रॅकून वर्षानुवर्षं कपाटात पडून होता. छपाईचा, वितरणाचा, न खपलेल्या अंकांचा भार कंपनीने सोसला. सिनेमाचे कोट्यवधी डॉलर कंपनीने घातले, पडला असता तर मँटलोकडे कुणी निम्मे पैसे मागायला गेलं नसतं. आणि ज्याच्यावर लोक भाळले तो रॅकून तरी नक्की कुणाचा? रॅकून आणि झाड यांची जोडी गिफनने २००७ मध्ये जमवली, टोळी ॲबनेट-लॅनिंगची, स्वभाव गनचा, आवाज नटांचा, अंगावरचा केस न् केस संगणकावर बसलेल्या कारागिरांचा. वाटे किती जणांचे पाडायचे?

पहिल्या आक्षेपाला उत्तर आपल्या रंगभूमीवर आहे. व्यावसायिक मराठी नाटकात नाटककाराला प्रयोगामागे पैसे मिळतात. नाटक दहा प्रयोगांत पडलं तर निर्माता बुडतो, पण नाटककारालाही दहाच प्रयोगांचे मिळतात. पाचशे प्रयोग झाले तर पाचशे वेळा मिळतात. निर्मात्याच्या जोखमीला यात कुठे धक्का लागत नाही, कारण वाटा मागितला जातो तो तिकीट विकलं गेल्यावर. (एकांकिका स्पर्धांतली मुलं पुस्तकाच्या पहिल्या पानावरची 'प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी आवश्यक' ही ओळ वाचून कितपत पत्र लिहितात, हा वेगळा विषय, आणि त्या पापात मीही आहे.) शिवाय जोखीम एकट्या कंपनीची होती हेही खरं नाही. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, डोळे आणि मनगट एवढंच भांडवल, अशा स्थितीत वीस-वीस वर्षं पानं रेखाटणारा माणूस जोखीमच घेत असतो. फक्त त्याचा ताळेबंद कुणी छापत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर सिनेमातल्याच कॅसेटमध्ये आहे. 'उगा-चका' कुणीतरी नंतर घातलं म्हणून मार्क जेम्सचं नाव पुसलं गेलं नाही. हिशेब किचकट आहे हे मान्य. पण हिशेब किचकट आहे म्हणून देणं शून्य, हे गणित किराणा दुकानदारही मान्य करणार नाही. डीसीने ऐंशीच्या दशकापासून पात्रांच्या जनकांना वाटा देण्याची रीत ठेवली, त्यातूनच स्टार्लिनला त्या गुंडाचा चेक आला. म्हणजे कोष्टक मांडता येतं. डीसीलाही हे आपसूक सुचलं नव्हतं म्हणा. १९३८ मध्ये १३० डॉलरना सुपरमॅन विकून बसलेले दोघे म्हातारपणी हलाखीत असल्याचं वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा कुठे १९७५ मध्ये मालक कंपनीने त्यांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि नाव द्यायचं कबूल केलं.

फ्रान्समध्ये ही लढाई वेगळ्या वळणाने गेली. गोसिनी, उदेर्झो आणि शार्लिए या तिघांनी १९५६ मध्ये चित्रकथाकारांच्या हक्कांची सनद करायचा घाट घातला, त्यापायी गोसिनींना काम गमवावं लागलं. तीन वर्षांनी हीच मंडळी 'पिलोत' हे साप्ताहिक उभं करणाऱ्यांत होती, आणि त्याच साप्ताहिकात १९६७ पासून व्हॅलेरियन ही अंतराळातली गमतीदार चित्रमालिका येऊ लागली. तिचे कर्ते पिएर क्रिस्तँ आणि जाँ-क्लोद मेझिएर. २०१७ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला, प्रचंड खर्चाचा, आणि तो पडला. गल्ल्याच्या हिशेबात फ्रान्स हरला म्हणा हवं तर. पण तिथल्या कायद्यात कर्त्याचा नैतिक हक्क विकताच येत नाही. चेकच्या मागे काहीही छापा.

आता घरात डोकवू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि कागदावर तो अमेरिकेपेक्षा खूपच उदार आहे, हे फार थोड्या चित्रकारांना माहीत असतं. कलम १७ म्हणतं, की नियतकालिकात नोकरीवर असलेल्याने अंकासाठी केलेल्या लिखाणाचा किंवा चित्राचा हक्क मालकाकडे जातो तो फक्त नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतीत पहिला मालक तो लेखक, तो चित्रकार. म्हणजे मँटलो मुंबईतल्या मासिकात नोकरीला असता, तर रॅकूनवरच्या सिनेमाचे हक्क त्याचे असते. पण त्याच कलमात सहा शब्द आहेत: विरुद्ध आशयाचा करार झालेला नसेल तर. करार कोण छापतं? मालक. झालं.

ही फट बुजवता येते, हे आपण एकदा करून दाखवलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांना असा हक्क मिळाला, जो त्यांनी स्वतः सही करून सोडला तरी सुटत नाही. थिएटरातला सिनेमा वगळता बाकी कुठेही गाणं वापरलं गेलं, की रॉयल्टीत त्यांचा समान वाटा. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी उभे राहिले. निर्माते आणि संगीत कंपन्यांनी आता धंदा बसणार म्हणून बरीच ओरड केली. धंदा बसला नाही. या तरतुदीचं मोल 'सोडता येत नाही' या तीन शब्दांत आहे. जो हक्क सही करून सोडता येतो, तो सोडायलाच लावला जातो. गरजवंताला अक्कल नसते हे आपण म्हणतो, पण त्याला अक्कल असते हो, पर्याय नसतो.

पण दुरुस्तीची भाषा आहे 'साहित्यिक किंवा सांगीतिक कृती'. कायद्यात आणखी एक जात आहे, 'कलात्मक कृती', म्हणजे चित्र. ती त्या वाक्यात नाही. गाणं लिहिणाऱ्याला संरक्षण, चाल लावणाऱ्याला संरक्षण, पात्राला नाकडोळे देणाऱ्याला नाही. १९९१ पासून महाराष्ट्राच्या सकाळी ज्याच्यासोबत सुरू झाल्या तो चिंटू २०१२ मध्येच सिनेमात आला. ज्या वर्षी संसदेने गीतकाराची बाजू घेतली, त्याच वर्षी आपल्याकडे चित्रातलं पोर पडद्यावर चालू लागलं, आणि तरी हा मुद्दा कुणाच्या मनात आला नाही. चिंटू चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, हे निदान मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. अशी ओळख किती चित्रकारांच्या नशिबी येते? माझी मागणी मोठी नाही. त्या वाक्यात 'कलात्मक' हा शब्द घाला. वाटा निम्मा नसेना का, लहान असू द्या, संस्थेमार्फत येऊ द्या, दहा जणांत वाटला जाऊ द्या. फक्त तो सही करून सोडता येऊ नये.

भाची आता चित्रं काढून पोट भरते. मध्यंतरी तिने फोनवर एक करार पाठवला, मुलांच्या एका मालिकेसाठी पात्रं रेखाटायचा. "मामा, सही करू का?" सोळा पानं. सातव्या पानावर लिहिलं होतं, की या पात्रांचे सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी कंपनीचे. विश्वात! मला एकदम ते संग्रहालय आणि पेला धरून बसलेलं बदक आठवलं. तिला सांगितलं, की पुढे निघणाऱ्या माध्यमाचं नाव घेतलेलं नसेल तर आपल्या कायद्यापुढे ते वाक्य टिकत नाही, आणि नावाचा उल्लेख, प्रत्येक भागामागे थोडी रक्कम, एवढं तरी मागून बघ. तिने मागितलं. नावाला ते तयार झाले. रकमेबद्दल, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे असं उत्तर आलं. तिने दोन दिवस घेतले, मग सही केली. पहिली तारीख जवळ आली होती आणि पुण्यात तिच्या खोलीचं भाडं मला ठाऊक आहे.